पाहुण्यापुरती लेकरं

मेंढरांमागं हिंडणारा माणूस भोळा असतो, त्याला खोटं बोलता येत नाही, असं शहरातले लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांनी कधी मेंढरं विकत घेतलेली नसतात.

शिरड शहापूरच्या अलीकडं माळाच्या उतारावर नामाजीची वस्ती आहे. हटकर धनगरांची दहा-बारा घरं, मध्ये बिरोबाचं देऊळ, देवळापुढं निंबाचं झाड. या वस्तीवर सोयरीक जुळवायला पाहुणे यायचे म्हटलं की एक काम आधी व्हायचं. भावकीतली, शेजारपाजारची चांगली मेंढरं आणून, ज्याच्या घरी पाहुणे त्याच्या कळपात सोडायची. त्यांच्या पाठीवरचा दुसऱ्याचा गेरूचा पट्टा धुऊन काढायचा आणि आपला ओढायचा. लंगडी, लोकर झडलेली, नाक गळणारी मेंढरं तेवढ्या दिवसापुरती ओढ्यापलीकडं हाकलायची. याला 'भर घालणं' म्हणत. पाहुणे कळप बघत, मान डोलवत, जेवत आणि जात. त्यांच्या गावीही हेच चालत असल्यामुळं त्यांना सगळं ठाऊक असायचं. कुणी कुणाला खोटारडा म्हणत नसे. पाहुण्यापुढं चांगलं तेवढं मांडायचं, ही रीतच होती.

दोन हजार तीन सालच्या श्रावणात या वस्तीवर विद्यापीठाचे पाहुणे आले.

त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं ते चार सरींपुरतं. माळावर गवत उगवलं आणि वीतभर होण्याआधीच पिवळं पडलं. मेंढरं दिवसभर हिंडून रिकाम्या पोटानं परत येत होती, कोकरं आयांच्या सडाला ढुसण्या देऊन दमत होती. नेहमी दिवाळी झाल्यावर कळप पूर्णेच्या कालव्याकडं उतरायचा. यंदा दिवाळीपर्यंत तग धरला तरी पुष्कळ, असं नामाजी रोज सकाळी आभाळाकडं बघून म्हणत होता. आभाळाला काही फरक पडत नव्हता.

अशात एका दुपारी जीप आली. जीप म्हणजे वनखातं, म्हणजे मेंढरं कोंडवाड्यात, हे समीकरण डोक्यात पक्कं असल्यामुळं बायका घरात गेल्या आणि पुरुष देवळामागं. बाहेर राहिला तो वस्तीशाळेचा शिवप्रसाद. बारावी झालेला हा वस्तीचाच पोरगा देवळाच्या ओसरीत चार वर्ग एकदम शिकवत होता. शिकवत होता म्हणजे सांभाळत होता. निम्मं वर्ष निम्मी पोरं कळपासंगं परमुलखात असत. परत आली की क, ख, ग पुन्हा पहिल्यापासून.

जीपमधून एक तरुण बाई उतरली, मागून चष्म्याचे एक सर. बाईचं नाव संगिता राठोड. नांदेडकडच्या तांड्यावरची लमाणाची लेक, पण शिकून विद्यापीठात लागलेली. कुणाची मुलं शाळेत मागं का पडतात आणि शाळा कशी बदलली तर ती पडणार नाहीत, याचा अभ्यास करणारी एक संस्था विद्यापीठानं काढली होती. संगिता त्या संस्थेच्या कामावर होती. वनखातं नाही म्हटल्यावर माणसं निंबाखाली गोळा झाली.

"ऐका," संगिता म्हणाली, "आम्ही या भागातल्या बऱ्याच वस्त्या आणि तांडे बघतोय. मुलांना काय येतं ते एक दिवस तपासणार. आणि जिथली मुलं सगळ्यात मागं असतील ना, तिथं आम्ही शिकलेला पूर्णवेळचा मास्तर देणार, तीन वर्षं. आईबाप कळपामागं गेले तरी लेकरांना वस्तीवरच ठेवायची, दोन वेळच्या जेवणाची सोय करणार."

"कोणाला देनार म्हनलं?" नामाजीनं विचारलं.

"ज्यांना सगळ्यात कमी येतं त्यांना, मामा."

नामाजीनं शेजारच्याकडं बघितलं, शेजारच्यानं नामाजीकडं. चहा झाला. महिन्या-दीड महिन्यानं तपासायला येऊ म्हणून पाहुणे गेले आणि जीपची धूळ खाली बसायच्या आत माणसं हसायला लागली.

"कमी येतं त्याला मास्तर! मंग लंगड्या मेंढराला जास्तीचा भाव का?"

"शहरातलं बोलनं हाय ते. तोंडानं एक, मनात एक."

हसणं वरवरचं होतं. मागच्या उन्हाळ्यातलं कुणी विसरलेलं नव्हतं. तालुक्याहून एक साहेब आला होता. त्यानं दोन-चार लेकरांना उभं केलं, त्यांना वाचता येईना, तर शिवप्रसादला सगळ्यांसमोर म्हणाला, "ही शाळा आहे का मेंढवाडा? बंदच करायला पाहिजे." त्यानं साहेबाच्या बुटावरची लेंडी स्वतःच्या रुमालानं पुसून दिली, तेव्हा कुठं साहेब गेला. ज्याला येत नाही त्याला शिव्या मिळतात, हा या लोकांचा आजवरचा शिक्का बसलेला अनुभव. तो एका चहाच्या कपात कसा पुसला जाणार?

नामाजीच्या घरात मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याची थोरली लेक अंजली अकरा वर्षांची, चौथीत. हट्टा गावच्या एका घरानं तिच्यासाठी निरोप धाडला होता. कालव्याखालचं रान, मोठा कळप, एकच पोरगा. आत्ता कुंकू लावून ठेवू, लग्न मागून, असं त्यांचं म्हणणं. त्याच्या बायकोला, सिंधूबाईला, ते नको होतं. ती स्वतः अंजलीएवढीच असताना या घरात आली होती. पहिलं वर्षभर ती मेंढरांच्या वाघरीतच, जाळीच्या कडेला, कोकरांत झोपली होती. पाठ टेकायची ठाऊक असलेली जागा तेवढीच होती. तिनं नवऱ्याशी आयुष्यात पहिल्यांदाच हट्ट धरला.

"चौथी होऊन राहिली तिची. फुडं शिकू द्या."

"कुठं शिकल? कळप हालला की ती बी हालनार. तिला मागं ठिवायची कुनापाशी?"

"शाळंचं जमलं तर?"

नामाजी घोंगडीचे दोरे ओढत बसला. वाईट माणूस नव्हता तो. "वस्तीवर मास्तर आला, लेकरं ठिवायची सोय झाली, तर हट्टेकराला न्हाई म्हनतो," तो म्हणाला. "न्हाई झाली तर मंग माझ्याफुडं रडायचं न्हाई."

एवढ्यावर ठरलं. अंजली दाराशी बसून सगळं ऐकत होती.

भाद्रपद सरता सरता कातरणी निघाली. गवत नाही तर नाही, लोकर तरी हाती लागू दे म्हणून. सकाळी ओढ्याच्या उरलेल्या डबक्यात मेंढरं धुवायची, उन्हात वाळवायची, मग एकेक उताणी पाडून पाय बांधायचे आणि कातर चालवायची. नामाजीच्या गुडघ्याखाली मेंढी धापा टाकत होती. तिच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. सिंधूबाई लोकर झटकत होती, अंजली मेंढीला कातरीनं झालेल्या जखमांना हळद लावत होती. मदतीला नामाजीचा धाकटा भाऊ प्रभू आला होता. प्रभूनं मेंढरं कधीच सोडली होती. जवळा बाजारला कापसाच्या गोदामात तो हमाल होता आणि त्याची राजनंदिनी तिथल्या मोठ्या शाळेत चौथीत होती. पोरगी दुकानांवरच्या पाट्या पळत पळत वाचायची, हे प्रभू दर भेटीत सांगायचा.

शिवप्रसाद तिथं येऊन उकिडवा बसला. त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"काका, पुढल्या सोमवारी येऊन राहिले ते. पटावरचं एकेक नाव पुकारणार. आपल्या लेकरांना तर..." त्यानं अंजलीकडं बघितलं आणि वाक्य गिळलं. "मागल्या साहेबावानी झालं तर माझं काही खरं न्हाई. शाळा बी जाईल."

कातर थांबली. नामाजीनं मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला.

"भर घालू," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"म्हंजी काय, म्हंजी! पाव्हनं येत्यात, कळप दाखवायचा. प्रभ्या, तुही नंदी दे एक दिवस. शिरडच्या मावशीची दोन नातवंडं हुशार हायेत, ती आनू. आपली ढ लेकरं ऱ्हातील ओढ्यापलीकडं."

प्रभू हसला, पण छाती फुगवूनच. आपल्या पोरीची भावकीला गरज पडली होती. शिवप्रसादनं आधी नको नको केलं, मग म्हणाला, नावं तेवढी नीट पाठ करून घ्या. फक्त सिंधूबाई लोकर हातात धरून बसली.

"त्या बाईनं तर मागं असल त्यालाच देनार म्हनून सांगितलं व्हतं," ती म्हणाली.

"तू तरी देशील का?" नामाजी म्हणाला. "दोन कोकरं हायेत. एक उड्या मारतंय, एक पडून राहिलंय. घरातलं मूठभर दानं कोनाला टाकशील?"

पडून राहिलेल्यालाच तिनं आजवर दाणे टाकले होते, अंगठ्यानं तोंड उघडून, हे तिच्या तेव्हा ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं असतं तरी ती बोलली असती की नाही, देव जाणे. कारण खरं सांगायचं तर तिलाही लाज वाटत होती. चार वर्षं शाळेत जाऊन आपल्या लेकीला पाटी वाचता येत नाही, हे परक्या बाईपुढं उघडं पडावं, असं कुठल्या आईला वाटेल?

अंजलीला काहीच येत नव्हतं असं मात्र नाही. तिला तिचं नाव लिहिता येत होतं. शिवप्रसादनं एकदा फळ्यावर काढून दिलेलं तिनं इतकं गिरवलं होतं, की कोळशानं, काठीनं, गेरूच्या बोटानं, कशानंही ते तसंच उमटायचं. एवढंच यायचं, पण सुबक यायचं. परीक्षा घेणारी बाई नाव लिहायला सांगणारच, आणि आपण ते सगळ्यात आधी लिहून दाखवायचं, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

सोमवारी उजाडताच राजनंदिनी आली, दोन वेण्या, लाल रिबिनी. सिंधूबाईनं तिच्यापुढं अंजलीचा शाळेचा झगा धरला. बगलेत उसवलेला होता आणि त्याला मेंढरांचा वास येत होता. राजनंदिनीनं नाक मुरडलं.

"काकू, मी माझाच घालते की."

"नाव काय सांगशील?"

"अंजली नामाजी." पोरगी खुदकन हसली.

अंजली बाजूला उभी होती, तोंड धुऊन, केसांना तेल लावून. "आन् मी?" तिनं विचारलं.

"तू कोकरं घे आन् खिंडीकडं जा."

"काहून? मला बी बसायचं हाय."

"तुला काय येतं बसायला?" सिंधूबाई म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, म्हणून ती आणखी रागानं म्हणाली, "जीप जाईस्तोवर इकडं फिरकायचं न्हाई. कोनी इचारलंच, तर तू राजनंदिनी. जवळा बाजारची. सुट्टीला आलीस. कळलं?"

अंजलीनं मान हलवली आणि कोकरं मोकळी केली. तेल लावलेल्या केसांवरून तिनं फडकं बांधलं.

परीक्षा देवळाच्या ओसरीत झाली. सर निंबाखाली खुर्चीवर बसले, संगिता सतरंजीवर पोरांसमोर. पटावरचं नाव पुकारायचं, लेकरू पुढं यायचं. आधी अक्षरं, मग शब्द, मग एका बाजाराची लहानशी गोष्ट, मग वजाबाकी. वस्तीची खरी पोरं दोन-तीनच ठेवली होती, त्यातल्या त्यात बरी. बाकी भर. अंजलीचं नाव पुकारलं तशी राजनंदिनी पुढं आली आणि गोष्ट घडाघडा वाचून मोकळी झाली. मागचं पान उलटून तिनं तिथलंही वाचलं. सर खुर्चीवरून उठून आले. "वा! चांगलं काम आहे हो तुमचं," ते शिवप्रसादला म्हणाले. शिवप्रसाद खिशातला रुमाल चाचपू लागला.

संगिता मात्र पोरीच्या पायांकडं बघत होती. मऊ पाय, चपलेच्या पट्ट्यांचे पांढरे वळ. शेजारी बसलेल्या वस्तीच्या पोराच्या पायाला भेगा, अंगठ्यात मोडलेला काटा काळा पडलेला. ती स्वतः तांड्यावर वाढलेली होती. तिनं कागद बाजूला ठेवला, उठली आणि चुलीपाशी चहा करणाऱ्या सिंधूबाईजवळ येऊन बसली.

"बाई, ही मुलगी तुमचीच का?"

"व्हय की."

"खरं सांगा. कमी आलं म्हणून कुणी रागावणार नाही. उलट तुमच्याच फायद्याचं आहे. मी मागं सांगितलं होतं."

आवाज इतका सरळ होता की सिंधूबाईच्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात तिला दारात उभा नामाजी दिसला, निंबाखालची सगळी वस्ती दिसली, रुमाल हातात चोळणारा शिवप्रसाद दिसला. एक खोटं बोललं तर एकटीचं, खरं बोललं तर सगळ्यांचं तोंड काळं. तिनं राजनंदिनीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"माझीच लेक हाय. हिच्या डोक्याची आन."

संगिता उठून गेली आणि तिनं कागदावर लिहिलं. एका बाईनं लेकराच्या डोक्यावर हात ठेवल्यावर पुढं काय बोलायचं असतं, हे विद्यापीठात तिला शिकवलेलं नव्हतं आणि तांड्यावर शिकवलेलं होतं ते गप्प बसायचं.

परतताना खिंडीत जीप थांबली. रस्त्यावर कोकरं आडवी पसरली होती. एक पोरगी काठीनं ती बाजूला करत होती. संगिता खाली उतरली.

"काय गं, नाव काय तुझं?"

"राजनंदिनी," अंजली म्हणाली. सांगितलेलं सगळं तिनं एका दमात म्हटलं, "जवळा बाजारची. सुट्टीला आले."

संगितानं पायांकडं बघितलं. मग केसांवरच्या ताज्या तेलाकडं. ती धुळीत उकिडवी बसली आणि पोरीच्या हातात पेन दिलं, मांडीवर कोरा कागद धरला. "बरं, राजनंदिनी. तुझं नाव लिहून दाखव बरं मला."

अंजलीनं पेन धरलं. एवढं गुळगुळीत पेन तिनं कधी धरलं नव्हतं. दीड महिना ज्याची वाट बघितली, तेच ही बाई मागत होती. हात आपोआप 'अ'च्या वळणावर गेला. आणि तिथंच ती थांबली. तिला एकच नाव लिहिता येत होतं, आणि तेच लिहिलं असतं तर आईचं खोटं उघडं पडलं असतं. राजनंदिनी कसं लिहितात ते तिला ठाऊक नव्हतं.

"मला येत न्हाई," तिनं पेन परत दिलं.

"काहीच?"

"काहीच न्हाई."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण उन्हात उभ्या पोरीच्या डोळ्यांत पाणी येतंच. जीपमधून सरांनी हाक मारली. संगितानं पोरीच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला आणि गेली. अंजलीनं तो फोडला नाही. कोकरांनी कागद चावला तेव्हा तिनं त्यांनाच देऊन टाकला.

वस्तीवर त्या दिवशी सण होता. प्रभूनं पोरीला खांद्यावर घेतलं, नामाजीनं देवळात नारळ फोडला. "कळप असा दाखिवला का पाव्हना बोलूच शकत न्हाई," तो म्हणत होता. मग दसरा गेला. दिवाळी आली. मेंढरांच्या पाठीची हाडं वर आली. नामाजीनं कळप कसाबसा थोपवून धरला होता, मास्तर येईल, लेकरं त्याच्या हवाली करू, मग निघू. रोज एक-दोन कोकरं मरत होती आणि तो ती ओढ्यात पुरत होता. थांबण्याची ही किंमत सिंधूबाई बघत होती आणि नवऱ्याला बोलायला तोंड उरलं नव्हतं.

बातमी आणली ती फुलसिंगानं. ओढ्यापलीकडच्या तांड्याचा हा नायक जवळ्याच्या आठवडी बाजारात नामाजीला भेटला आणि त्यानं बळंच जिलेबी खाऊ घातली.

"आमच्या तांड्यावर मास्तर आला रे. मास्तरीन बी. लेकरांची भाकर बी त्यायचीच. आमच्या पोरांना तर कायच आलं न्हाई. एक पोरगं तर बाईफुडं मुतलं! तरी बी आमालाच दिला." फुलसिंग मोकळेपणानं हसला. "तुमची तर लई हुशार निघाली म्हने. तुमाला काय गरज?"

नामाजीनं हातातली जिलेबी खाल्ली. टाकून देणं बरं दिसलं नसतं. वस्तीवर येऊन त्यानं जोडा काढला, भिंतीला टेकून बसला आणि सिंधूबाईला एवढंच म्हणाला, "खरंच बोलली व्हती ती बाई."

दुसऱ्या दिवशी सिंधूबाई अंजलीचा हात धरून तांड्यावर गेली. मास्तराला रुजू करून द्यायला संगिता तिथंच आलेली होती. नव्या पत्र्याखाली लेकरं ओळीनं बसलेली, पुढ्यात नव्या पाट्या. सिंधूबाई बाहेरच उभी राहिली. संगिता आली, तशी सिंधूबाईनं अंजलीला पुढं ढकललं.

"ही माझी लेक. ती न्हवं. ती दिराची व्हती. हिला काय येत न्हाई बाई. आमच्या कोनालाच येत न्हाई. तुमी पुन्यांदा घ्या परीक्षा."

संगितानं अंजलीकडं बघितलं. अंजलीनं खाली.

"मला पाय दिसले होते," संगिता म्हणाली. "हिला खिंडीत बघितलं तेव्हा तर खात्रीच झाली. पण तुम्ही डोक्यावर हात ठेवलात, बाई. मी काय म्हणणार होते?"

"आता म्हना की. आता मीच सांगून राहिले."

"आता कुठल्या वस्तीला द्यायचं ते ठरून गेलं. माणसं नेमली. तीन वर्षं बदल नाही." संगिताचा आवाज खाली आला. "आणि खोटी मुलं बसवली हे मी वर कळवलं, तर तुमची वस्ती अभ्यासातूनच काढतील. तालुक्याला कळेल. शिवप्रसादला काढतील आणि आहे ती ओसरीतली शाळापण बंद होईल. सांगा, कळवू का?"

पत्र्याखाली मास्तरांनी काहीतरी म्हणायला सांगितलं आणि सगळी लेकरं एकदम ओरडली. अंजली तिकडं बघत होती. दारातल्या एका पोरीनं सरकून तिला जागा करून दिली, तशी ती एक पाऊल पुढं गेलीही.

"हिला इथं बसू द्या," सिंधूबाई म्हणाली. "एकटीला."

"राहायची सोय फक्त तांड्याच्या मुलांची आहे. कळप गेल्यावर ही रोज वस्तीवरून एकटी येणार? राहील कुणापाशी?"

तिथं खरोखरच कुणी नव्हतं. प्रभूच्या एका खोलीत आधीच सहाजण होते. सिंधूबाईनं लेकीचा हात पुन्हा धरला. संगितानं तिला थांबा म्हटलं, पण थांबून करायचं काय, हे तिलाही सांगता आलं नाही.

कळप हलायच्या आधी हट्ट्याचे पाहुणे आले. नामाजीनं बायकोकडं बघितलं, तिनं पाट मांडला. बोली तशीच झाली होती. सकाळपासून वस्तीनं भर घातली. सगळ्यांचीच मेंढरं हाडकुळी, त्यातली उभी राहतील अशी वेचून नामाजीच्या कळपात सोडली आणि त्यांच्या पाठीवर ताजा गेरू ओढला. पाहुण्यांनी कळप बघितला, माना डोलावल्या. मग पोरीला बोलावलं.

अंजली सिंधूबाईच्या लुगड्यात गुंडाळलेली होती. पाटावर बसताना तिचे भेगाळलेले पाय बाहेर आले, ते तिनं ओढून घेतले.

"शिकलेली हाय का?" पोराच्या बापानं विचारलं.

"चौथी," नामाजी म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "इद्यापीठाची मानसं आल्ती जीप घिऊन. सगळ्या वस्तीत पहिली आली. इचारा कोनाला बी."

निंबाखालच्या माणसांनी माना हलवल्या. कुणी खोटं बोलत नव्हतं. पाहुण्यापुढं चांगलं तेवढं मांडलं जात होतं.

"आसं का?" पाहुण्यानं खिशातून पेन काढलं, देवाच्या जत्रेच्या पत्रिकेची कोरी बाजू पुढं केली. "नाव लिव्ह बरं पोरी तुझं."

अंजलीनं वर बघितलं. आपलं नाव लिही, असं तिला अंजली म्हणून सांगणारा हा पहिलाच माणूस होता. चुलीपाशी सिंधूबाई उभी होती. तिनं डोळ्यांनी लेकीला खुणावलं, नको. हळूच मानही हलवली. नाही येत म्हण. न येणारी सून नको म्हणून उठतील कदाचित, एवढी एक फट तिला आत्ता दिसली होती.

पण पोरीनं आईकडं बघितलंच नाही. तिनं पेन धरलं, जीभ दातांत दाबली आणि लिहिलं. अ. वर टिंब. ज. मग ली, तिची वेलांटी नीट वळवून. एकाही ठिकाणी हात अडखळला नाही. लिहून झाल्यावर ती हसली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

कागद हातोहात फिरला. पाहुण्यांतल्या कुणालाच वाचता येत नव्हतं, पण अक्षर सुबक आहे हे दिसत होतं. पोराच्या बापानं तो घडी करून खिशात घातला आणि कुंकवाचा करंडा मागवला.

"पास हाय पोरगी," तो म्हणाला.